बर्फाचं शॉर्टेज

आमच्या मोशीच्या सोसायटीत बी विंगला एक गृहस्थ राहतात. चाकणच्या एका कारखान्यात पीपीसीला आहेत. पीपीसीवाला म्हणजे उद्या कुठला पार्ट किती वाजता लाइनवर लागणार हे आजच छातीठोक सांगणारा माणूस. (तो पार्ट उद्या येत नाही, ही गोष्ट वेगळी.) त्यांनी यंदा चार कुटुंबांची गुलमर्गला स्कीइंगची सहल काढायचं ठरवलं आणि तिथल्या तिथे एक्सेल शीट उघडली.

शीट मात्र बघण्यासारखी. विमान, हॉटेल, थर्मल, हातमोजे, डिंकाचे लाडू. प्रत्येकासमोर लाल, पिवळा नाहीतर हिरवा रंग. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दोन टप्प्यांसाठी दोन वेगळ्या ओळी. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा थेट अफरवटच्या अंगावर, जवळजवळ चार हजार मीटरवर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईवर कळसूबाई रचली तरी तिथवर हात पोचत नाही. म्हणून दम वाढवायला दर रविवारी निगडीची दुर्गा टेकडी चढायची, अशीही एक ओळ होती. पहिल्या रविवारी अकरा जण आले. दुसऱ्या रविवारी चौघं, आणि तेही मिसळ खाऊन पायथ्यावरूनच परतले. शीटमध्ये टेकडी पिवळी झाली.

खरी गाठ पडली ती रजेशी. आमच्या पट्ट्यात वर्षअखेरीला कारखान्यांचा शटडाऊन असतो, तेव्हा सगळे मोकळे. पण काश्मीरचा चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, सुरूच होतो २१ डिसेंबरला. स्कीइंगजोगा भरवशाचा थर साचायचा तो जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेव्हा साहेबांच्या डोक्यात मार्च एंड. थोडक्यात, रजा असते तेव्हा बर्फ नसतो आणि बर्फ असतो तेव्हा टार्गेट असतं. एका कुटुंबाने पहलगामच्या हल्ल्यानंतर नाव मागे घेतलं. त्यांना कुणी काही बोललं नाही.

उरली तीन कुटुंबं. शेवटी फेब्रुवारी ठरला.

“अहो, पण बर्फ पडलाच नाही तर?” मी विचारलं.

“पडेल हो. दोन दिवसांचा बफर ठेवलाय.”

मागून वहिनी म्हणाल्या, “बर्फाला बफर? चाकणच्या तळेगाव चौकात गाडी किती वेळ अडकणार हे अजून सांगता येत नाही यांना.”

वहिनींचं बरोबर होतं. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गचे उतार उघडेबोडके पडले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा पुढे ढकलावा लागला. तो झाला मार्चमध्ये. चाकणच्या भाषेत सांगायचं तर व्हेंडरने मटेरियल दिलं नाही. आता फॉलोअप कुणाकडे करायचा? ढगाला ईमेल टाकून साहेबांना सीसीत ठेवायचं?

पीपीसीवाल्याकडे यावर उत्तर तयार असतं: अल्टरनेट व्हेंडर. म्हणून औलीची चौकशी झाली. तिथे २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली होती आणि त्यांना पाणी पुरवायला डोंगरावर तळं केलं होतं. पण जानेवारी २०२३ मध्ये खालचं जोशीमठच खचू लागलं आणि औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. तळ्याचं ऐकून आमच्या विंगमधले आजोबा मात्र गंभीर झाले. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी. इथे प्यायला मिळेना, आणि तिकडे घसरायला पाण्याचा बर्फ!

मग मनाली. तिथे तर जागतिक दर्जाचं स्की-गाव उभं राहणार होतं. त्यामागे होते आल्फ्रेड फोर्ड, हेन्री फोर्डचे पणतू. ज्या हेन्री फोर्डने १९१३ मध्ये फिरती असेंब्ली लाइन चालू केली आणि ज्याच्या पुण्याईवर आमच्या पट्ट्यातले निम्मे गृहकर्जाचे हप्ते फिटतात, तोच. तर २००६ मध्ये नग्गरला कुल्लूच्या देवांची सभा भरली, आणि देवांनी आपल्या भगतांच्या तोंडून सांगितलं, नको. गावकऱ्यांचाही विरोध होताच. स्की-गाव झालंच नाही. असेंब्ली लाइनच्या पणतूला जिथे देवांचं क्लिअरन्स मिळालं नाही, तिथे आमच्या शीटचा काय पाड!

मला जास्त हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आयटीआयचा पोरगा शॉपवर आला की त्याला मशीनला हात लावू द्यायला आम्ही महिना घेतो. आधी सेफ्टी शूज, मग ट्रेनिंग, मग सही. आणि हेच आम्ही, चाळिशीचे, पोट सुटलेले, पायाला दोन फळ्या बांधून तीन तासांत उतारावर सुटणार! मनालीच्या सरकारी गिर्यारोहण संस्थेचा स्कीइंगचा प्राथमिक कोर्सच चौदा दिवसांचा आहे. तीन तासांत येतं ते पडणं, उठणं आणि फोटोपुरतं उभं राहणं. ज्याला खरंच शिकायचंय त्याने चौदा दिवसांची रजा टाकावी. बाकीच्यांनी स्लेजमध्ये बसावं, ओढणाऱ्या माणसाशी घासाघीस न करता पैसे द्यावेत आणि परत आल्यावर खरं सांगावं.

काल जिन्यात भेट झाली तेव्हा त्यांनी मोबाइलवर शीटची ताजी स्थिती दाखवली. रजा लाल, बर्फ लाल, दुर्गा टेकडी अजून पिवळी. हिरवी ओळ एकच आहे: डिंकाचे लाडू.