औटकीची दौड

महसूल खात्यात पस्तीस वर्षे कारकुनी करून अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालेल्या, आणि उभ्या हयातीत केवळ एसटी चुकू नये एवढ्याच कारणास्तव, तेही हातातली पिशवी सांभाळीत, धावण्याचा प्रसंग ज्याने स्वतःवर येऊ दिला, अशा माणसाने वयाच्या साठाव्या वर्षी अर्धमॅरेथॉनसाठी अर्ज करावा, ही घटना विवेकाच्या कोणत्याही कलमाखाली बसवता येण्याजोगी नाही. वस्तुस्थिती अशी की अर्ज मी केलाच नाही. पुण्यास संगणकाच्या नोकरीत असलेल्या माझ्या भाच्याने तो परस्पर केला, शुल्कही भरले आणि पावती माझ्या फोनवर धाडून दिली. आणि एकदा भरणा झालेली रक्कम परत मागण्याचे पाप ज्याच्या हातून कधी घडले नाही असा मी, त्या पावतीपुढे निरुत्तर झालो.

शर्यत आमच्याच साताऱ्याची. 2012 पासून ऐन पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती भरते आणि शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढून, कासच्या वाटेवरून माघारी येते. त्याच 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचे पठारही जागतिक वारशात दाखल झाले. फुले पाहण्यासाठी ज्या चढावर मोटारींचा श्वास कोंडतो, त्याच चढावर माणसांचाही कोंडावा, असा काही संकेत त्या वर्षी ठरला असावा.

अंतर 21.0975 किलोमीटर. आकड्यांत हयात गेलेल्या माणसाचे लक्ष एकविसाकडे न जाता दशांश चिन्हापलीकडच्या शेपटीकडे जाते, तसे माझे गेले, आणि चौकशीअंती जे कळले त्याने मी थक्क झालो. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि 26 मैल भरल्यावर, राजघराण्याच्या आसनासमोर शर्यत संपावी म्हणून, क्रीडांगणात आणखी 385 यार्ड पळवली गेली. तेच अंतर 1921 साली कायम झाले. म्हणजे साहेब गेला, संस्थाने गेली, तनखेही गेले. परंतु त्या 385 यार्डांपैकी निम्मा हिस्सा, म्हणजे साडेब्याण्णव अधिक शंभर यार्ड, साताऱ्याचा एक सेवानिवृत्त कारकून राजाच्या सोयीखातर आजही इमानेइतबारे भरतो आहे. असा जाचक अधिभार आमच्या खात्यानेही कधी बसवला नव्हता.

भाच्याने सोळा आठवड्यांचा तक्ता पाठवला. मधल्या वारी थोडेथोडे पळायचे, आणि रविवारी लांब. त्या रविवारांच्या रकान्यांत 5, 6, 7 आणि मग पुन्हा 5. पुढे 8, 9, 10 आणि 7. त्यापुढे 11, 12, 13 आणि 9. नंतर 15, 17, 10, आणि सोळाव्या रविवारी शर्यत. एकेका किलोमीटरची ती वाढ पाहून मला वार्षिक वेतनवाढीची आठवण होऊन भरून आले. पण दर चौथ्या रविवारची घट पाहताच हा प्रेमळ आभास लोपला. कसूर न दाखवता, खुलासा न मागवता वेतन खाली आणणे ही सरळसरळ शिक्षा होती. मी फोन करून तसे म्हणालो.

“मामा, माणूस पळताना बळकट होत नाही, पळून झाल्यावर विश्रांतीत होतो,” भाचा म्हणाला.

हे तत्त्व सेवेत असताना मला ठाऊक असते, तर मी कितीतरी बळकट होऊन निवृत्त झालो असतो. दुसरी हरकत अधिक गंभीर होती. तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा 17, आणि शर्यत 21.0975. उरलेल्या 4 किलोमीटर साडेसत्त्याण्णव मीटरांची तरतूद कुठल्या शीर्षाखाली?

“ते त्या दिवशी गर्दी पळवते.”

तुटीचा अर्थसंकल्प मी पुष्कळ पाहिला. तूट गर्दीच्या भरवशावर भरून काढणारा हा पहिलाच.

मात्र त्या तक्त्यातले सर्वांत कठीण कलम अंतराचे नव्हतेच. लांब पल्ला हळू पळावा, इतका हळू की पळता पळता सबंध वाक्य बोलता यावे, असा त्यात दंडक होता. पण पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावरून एकटाच निघालेला माणूस बोलणार कोणाशी? श्लोक म्हणावेत तर देवाशी असा व्यवहार बरा दिसत नाही. अखेरीस मला वडिलांनी छडीच्या धाकाने घोकून घेतलेल्या पावकी, निमकी, दिडकी आठवल्या, आणि त्यांतही औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, धावण्याच्या लयीला विलक्षण जुळतो असा शोध लागला. बे औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा. एक आकडा पुरा, एक अर्धा, एक पुरा, एक अर्धा, जणू डावा पाय आणि उजवा. उच्चार तुटला की वेग कमी करायचा. असे तोंडाने पुटपुटत मी समर्थ मंदिराकडे निघालो की दूधवाले सायकलीवरून उतरत आणि फुले वेचणाऱ्या बायका बाजूला होऊन हात जोडत. चौथ्या आठवड्यात बातमी आमच्या घरी पोहोचली, की मी यवतेश्वराला सोळा रविवारांचे व्रत धरले आहे.

“अहो, मला तरी सांगायचंत,” असे म्हणून सौभाग्यवतींनी त्या दिवसापासून दर रविवारी चार कंदी पेढे कागदात बांधून माझ्या खिशात ठेवण्यास प्रारंभ केला, नैवेद्याला. मी खुलासा केला नाही. धावण्याच्या खुळापायी घरात जे बोलणे खावे लागत असे, ते व्रताच्या वार्तेनंतर एकाएकी बंद झाले होते, आणि सुरळीत चाललेल्या कारभारात स्वतःहून टिपण लिहून विघ्न आणणारा कारकून मी पाहिलेला नाही.

सहाव्या रविवारी आज्ञा 9 किलोमीटरांची होती. घाटाच्या पायथ्याशी कॉलेजातली चार पोरे हसतखिदळत मला मागे टाकून गेली, आणि त्यांतल्या एकाने जाता जाता, “काका, सांभाळून,” म्हटले. द्वेषाने म्हटले असते तर मी सोडून दिले असते. त्याने ते खऱ्या काळजीने म्हटले. औटकी गेली, दंडक गेला, तक्ता गेला. त्या चौघांच्या पाठी दृष्टीआड होऊ न देण्याच्या एकाच ईर्ष्येने मी 14 किलोमीटर पळालो आणि घरी येऊन सोफ्यावर विजयी मुद्रेने बसलो. उठण्याचा प्रयत्न केल्यावर मुद्रा पालटली. दोन्ही नडग्यांतून अशी कळ निघाली की पुढचे आठ दिवस मी जिना पाठमोरा, कठडा धरून, एखाद्या दरबारातून बादशहाला पाठ न दाखवता निघणाऱ्या वकिलासारखा उतरत होतो. सौभाग्यवतींना व्रतात काही चूक झाल्याची शंका आली. ती यथार्थ होती.

डॉक्टरांनी दोन रविवार सक्तीची रजा दिली, आणि भाच्याने त्या रजेत मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत असे उतरवून घेतले: हृदय आणि फुप्फुसे हे नवे उत्साही अधिकारी, काही आठवड्यांतच त्यांचा कारभार सुधारतो, धाप कमी लागते आणि माणसास वाटते की प्रकरण मंजूर झाले. परंतु हाडे आणि स्नायूंना त्यांच्याशी बांधणाऱ्या कंडरा हे जुने दफ्तर आहे. तिथे कागद आपल्या गतीने सरकतो, महिन्यामहिन्यांनी सरकतो, आणि वरून कितीही स्मरणपत्रे आली तरी त्याची गती बदलत नाही. नडगी ही त्या दफ्तराने पाठवलेली हरकत होती. हळू पळण्याचे रहस्यही असेच जमाखर्चाचे निघाले. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर म्हणजे हातातली रोकड, आणि चरबी म्हणजे स्थावर. वेगाने पळणारा भराभर रोकड उधळतो, आणि हळू पळणारा हळूहळू स्थावर मोडून खाण्यास शिकतो. माझी स्थावर मिळकत कमरेभोवती सर्वांना दिसेल अशीच असल्याने मी या योजनेस तात्काळ संमती दिली. ज्यांना रोकडीची चणचण भासते ते धावपटू म्हणे वाटेत खजूर, चिक्की, लिंबाचे साखरपाणी घेतात. माझ्या खिशात पेढे होते. यवतेश्वर क्षमाशील आहे.

आषाढ लागला, घाट धुक्यात बुडाला, आणि मी तक्त्याप्रमाणे 11, 12, 13 असा निमूटपणे वाढत गेलो. या चढत्या रविवारांत मला जे जे शिकावे लागले त्यातले बरेचसे सभ्य लेखात येण्याजोगे नाही. एवढेच सांगतो की ओला सदरा दोन तास छातीवर घासला असता छातीच्या नेमक्या दोन ठिकाणी काय होते हे मला 13 किलोमीटरांनंतर अंघोळीचे पाणी अंगावर घेताना कळले, आणि घरातल्या व्हॅसलिनच्या डबीवर त्यानंतर माझा कब्जा झाला.

चौदाव्या रविवारी 17. बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये 2 तास 51 मिनिटांच्या आत मॅरेथॉन पुरी करून एकोणिसावे आले. जवळजवळ तेवढ्याच वेळात मी पोवई नाक्यावरून वर जाऊन परत येणार होतो, आणि कितवा येणार याची चिंता नव्हती, कारण दुसरे कोणी नव्हतेच. पाऊस आडवा मारत होता. पेढ्यांचा कागद खिशात विरघळला होता आणि पेढे कागदात. घाटाचे शेवटचे दोन वळसे उरले तेव्हा मी औटकीच्या पंधराव्या घरात होतो. पंधरा औटे साडेबावन्न, सोळा औटे छप्पन्न, सतरा औटे...

“साडेसत्तावन्न,” मी म्हणालो.

“साडेएकोणसाठ!” मागून आवाज आला.

वळून पाहिले तर धोतर खोचलेले, काळी छत्री धरलेले, ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ माझ्या मागून चालत येत होते. चालत. दोन पावलांत ते माझ्या बरोबरीला आले. पंचेचाळीस वर्षे प्राथमिक शाळेत होतो, असे त्यांनी सांगितले, आणि श्वास मुळीच न लागता पुढे म्हणाले, “गेले चार रविवार तुम्हाला ऐकतोय. दर वेळी सतराला चुकता. लोक म्हणतात व्रत आहे म्हणून गप्प राहिलो. पण आज राहवलं नाही.”

मी काही बोलू पाहिले, परंतु दंडकाप्रमाणे सबंध वाक्य निघण्याइतका श्वास नव्हता.

“पुन्हा पहिल्यापासून,” गुरुजी म्हणाले, आणि छत्री सावरीत वळणावरून पुढे निघाले. ते धुक्यात दिसेनासे होण्यापूर्वी त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सुरुवात केली: एक औटे साडेतीन.