कोर्तेदालाचा कानसेन

शुक्रवार हा माझा उपवासाचा नव्हे, पण व्रताचा वार आहे. जुलै २०१५पासून जगभरच्या संगीत कंपन्यांनी नव्या गाण्यांसाठी शुक्रवार ठरवून घेतला, तेव्हापासून गुरुवारी रात्री बारापर्यंत मी जागा असतो. आमची आजी ज्या निष्ठेने श्रावणी शुक्रवारी जिवतीच्या कागदाला हळदकुंकू वाहायची, त्या निष्ठेने मी स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमधल्या चिमुकल्या लेबलांची नवी गाणी धुंडाळतो. आजी ते मुलाबाळांसाठी करायची. मी करतो ते शनिवारी कुणाला तरी ‘अजून ऐकलं नाहीस?’ असं विचारता यावं म्हणून.

हा प्रश्न विचारण्याचं शास्त्र आहे. आश्चर्य चिमूटभर, कीव मूठभर. आमच्या स्वीडनमधल्या गोथेनबर्गात मोटारींच्या कारखान्यांपायी मराठी माणूस बराच साठला आहे आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाताखाता कुणीतरी विचारतोच, ‘स्वीडिश म्युझिक म्हणजे ॲबा ना?’ मी डोळे मिटतो. वेदना होताहेत हे समोरच्याला कळेपर्यंत मिटलेले ठेवतो.

घरसुद्धा मी कोर्तेदालात घेतलं. पन्नासच्या दशकात शहराच्या कडेला उभी राहिलेली ही वसाहत. माझं ऑफिस बरोबर उलट्या टोकाला. बायकोला सांगितलं, भाडं कमी आहे. खरं कारण असं, की येन्स लेकमन या इथल्याच गायकाच्या २००७च्या अल्बमच्या नावात कोर्तेदाला आहे. हिवाळ्यात ट्रॅमची वाट बघत कुडकुडणारी बायको वाचलेल्या भाड्याचा हिशेब करते आणि मी तिला तो करू देतो.

कानसेन म्हणून माझे काही नियम आहेत. त्यातला मुख्य म्हणजे गाणं जाहिरातीत वाजलं की ते सोडायचं. होसे गोन्सालेस हा गोथेनबर्गात जन्मलेला, अर्जेंटिनाच्या आईबापांचा मुलगा. विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात पीएचडी करता करता गिटार वाजवायचा आणि पुढे पीएचडी राहून गेली. (हे वाक्य मी इथल्या मराठी मंडळातल्या पालकांसमोर उच्चारत नाही.) ‘द नाइफ’ या बहीणभावाच्या जोडीचं एक गाणं त्याने नुसत्या गिटारवर हळुवार म्हटलं आणि २००५मध्ये एका टीव्ही कंपनीने ते वाजवत सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावरून अडीच लाख रंगीत चेंडू सोडले. जग हेलावलं. माझ्यापुरतं ते गाणं त्या चेंडूंबरोबर घरंगळत गेलं. मी मूळ जोडीकडे परतलो. ती माझ्याहून तऱ्हेवाईक निघाली: स्वीडनचा मोठा पुरस्कार घ्यायला स्वतः न जाता दोघींना गोरिलाच्या वेषात पाठवलं, अंगावर ‘५०/५०’ लिहून. संगीतधंद्यातल्या पुरुषी वर्चस्वाचा निषेध होता तो. शाल-श्रीफळ वाकून घेणाऱ्या आमच्या परंपरेला हे पचायला जड आहे.

पण माझी खरी पंचाईत वेगळीच. मी घाईत आणि ही मंडळी निवांत. नॉर्वेतल्या बर्गनच्या ‘किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स’चा एक अल्बम आला २००९मध्ये आणि पुढचा २०२१मध्ये. तेवढ्यात नाशिकला एक सिंहस्थ उरकला. अर्थात ज्या गावात २००६च्या ऑक्टोबरअखेरीपासून सलग ८५ दिवस पाऊस पडला, त्या गावच्या माणसाला घाई कशाची? आमच्या गोथेनबर्गच्या ‘एअर फ्रान्स’ने तर कमाल केली. २००६ आणि २००८मध्ये चार-सहा गाण्यांच्या दोन तबकड्या काढल्या, अख्खा अल्बम कधी केलाच नाही आणि २०१२मध्ये दुकान बंद. मी अजून त्यांची बातमी शोधत असतो. त्यामुळे मला पॅरिसच्या स्वस्त तिकिटांच्या जाहिराती मात्र नेमाने येतात.

२०२५चं पीक तसं बरं आलं. नॉर्वेच्या येनी व्हालने एका अत्तराच्या नावाचा अल्बम काढला. आना फॉन हाउसवोल्फने चर्चमधला प्रचंड ऑर्गन पुन्हा धडधडवला. आणि स्टॉकहोमच्या ‘व्हायग्रा बॉइज’चा नवा अल्बम आला, तो मी गाडीत लावला असताना शेजारी सांगलीहून आलेले काका होते. पडद्यावर बँडचं नाव ठळक उमटलं. काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘इथं सगळं उघड असतंय, हे एक बरं आहे.’

येन्स लेकमनकडे परत येतो, कारण त्याच्याबद्दल बोलायची संधी मी सोडत नाही. २००४च्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यात याने जाहीर करून टाकलं, की लग्नात गायला कुणी परका हवा असेल तर मला बोलवा. लोकांनी बोलावलं! वर्षानुवर्षं हा गृहस्थ अनोळखी माणसांच्या लग्नात गात हिंडला. त्या अनुभवातून २०२५मध्ये एक अल्बम निघाला आणि सोबत डेव्हिड लेव्हिथन या अमेरिकी लेखकाची कादंबरीही. याचं कौतुकही झालं. मला मात्र माझी मावशी आठवली.

मावशी मंगलाष्टकं रचते. शार्दूलविक्रीडितात. एकोणीस अक्षरांची ओळ, बाराव्या अक्षरावर यती, आणि तेवढ्यात दोन्हीकडची आडनावं, वधूची पदवी, वराची कंपनी, दिवंगत आजोबांचा आशीर्वाद आणि व्हिसा न मिळाल्यामुळे येऊ न शकलेला चुलतभाऊ एवढे सगळे बसवायचे. चुलतभाऊ यतीवर तुटतो, पण बसतो. पाचव्या अष्टकापर्यंत लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटलेल्या असतात, भटजी घड्याळाकडे बघतात, मागच्या रांगेतले ‘सावधान’ची वाट न बघताच अक्षता टाकून पंगतीची जागा धरायला निघतात. मावशी गातच असते. गुलाबी कागदावर छापलेली प्रत वाटली जाते आणि तिच्यावर पुढे कुणीतरी जिलबी ठेवतो. ना लेबल, ना मॅनेजर, ना समीक्षा. ती रचना त्या दोघांसाठी एकदाच म्हटली जाते. पुन्हा कुठेही ऐकायला मिळत नाही, मागितली तरी नाही. स्वतंत्र संगीत म्हणतात ते याहून किती स्वतंत्र असणार? श्रोत्यांच्या संमतीपासूनसुद्धा ते मुक्त आहे. आणि मी, कोर्तेदालात घर घेणारा माणूस, मावशीच्या प्रत्येक लग्नात आधी बटाटेवड्यांच्या वासाच्या दिशेने गेलो आहे.

हे सगळं आता सुचायचं कारण आमची मुलगी. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आठवड्यातून एकदा एका तळघरात बँड वाजवतात. स्वीडनमध्ये याला अभ्यास मंडळ म्हणतात. थट्टा नाही. किमान तीन जणं, त्यातला एक प्रमुख आणि हजेरी! हजेरी भरली की अभ्यास संघटनेला सरकारी अनुदान मिळतं आणि पोरांना खोली, ड्रम, ॲम्प्लिफायर जवळपास फुकट. इथले कितीतरी बँड अशाच तळघरांतून हजेरी लावत वर आले. काय वाजवलं, कसं वाजवलं हे कुणी विचारत नाही. तुम्ही आलात ना, एवढंच.

माझी पेटी दहावीच्या वर्षी माळ्यावर गेली. ‘परीक्षा झाली की काढू,’ असं आई म्हणाली होती. मग बारावी आली. आईला दोष नाही, शेजारीपाजारी सगळ्यांच्याच माळ्यावर काही ना काही होतं: तबला, रंगांची पेटी, एकीचे घुंगरू. गाणं शिकायचं तर परीक्षा द्यायची, जिंकायचं तर टीव्हीवर, आणि दोन्ही जमणार नसेल तर कशाला? २०२४पासून स्वीडनच्या सरकारनेही अभ्यास संघटनांचं अनुदान टप्प्याटप्प्याने कापायला घेतलं आहे. यातून निष्पन्न काय होतं, हा त्यांचा सवाल. मला त्याचा राग येतो, तो इथला करदाता म्हणून कमी. हा सवाल मी चांगला ओळखतो; त्याने माझी पेटी वर ठेवली होती.

तर त्या तळघराबाहेरच्या बोळात मी मुलीला न्यायला उभा असतो. आत जाऊ देत नाहीत. मी दारातून सुचवलं, की एखादं गाणं ध्वनिमुद्रित करून शुक्रवारी टाकू या; कुठल्या लेबलला लिहायचं तेही मला ठाऊक आहे.

‘बाबा, हे कुणाला ऐकवायचं नाहीये.’

‘मग कशासाठी वाजवता?’

तिने माझ्याकडे बघितलं. त्यात आश्चर्य चिमूटभर नव्हतं, सगळीच कीव होती. मग दार लागलं.

गेल्या रविवारी मराठी मंडळात मी सांगितलं, एक नवा बँड आलाय, जबरदस्त.

‘नाव काय?’

‘अजून ठेवलं नाही.’

‘ऐकायला कुठे मिळेल?’

‘मिळणार नाही.’

सगळे गप्प झाले. इतका निर्विवाद विजय मला आजवर मिळाला नव्हता. तेवढ्यात एकाने शंका काढली, ‘पण तू तरी ऐकलास का?’

‘दाराबाहेरून,’ मी म्हणालो. ‘दुसऱ्या गाण्यात ड्रम जरा मागे पडतो.’