पाणी मारण्याचे पैसे

हडपसरला आषाढीची चाहूल सगळ्यात आधी काळ्या टी-शर्टांना लागते. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून इथवर येते आणि इथूनच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली दिवे घाट चढून सासवडला, तुकोबाराय सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. या फाट्यावर चहा वाटणारे, पाय चेपून देणारे आणि नुसतेच शिट्ट्या मारून गर्दी हटवणारे मिळून जेवढी मंडळं, तेवढी डिझाइनं. टी-शर्ट मात्र प्रत्येकाला काळाच हवा. चहा सांडला तरी दिसत नाही, हे त्यामागचं मला पटलेलं एकमेव कारण.

भाच्याचा इथे डीटीजी छपाईचा गाळा आहे. म्हणजे यंत्रात कागदाऐवजी थेट टी-शर्टच घालायचा. निवृत्तीनंतर मी तिथे जरा बसायला म्हणून जाऊ लागलो. निवृत्त मामाला भाचे बसू देतात, पण रिकामं बसू देत नाहीत. त्याने माझ्या हातात फवारणीची गन दिली. "मामा, प्रीट्रीट तेवढं बघा." घरी जास्वंदीवर माव्याचं औषध मीच मारतो, एवढ्या भांडवलावर माझी नेमणूक झाली.

पांढऱ्या टी-शर्टला प्रीट्रीटच्या औषधाची फारशी गरज पडत नाही. काळ्याचे लाड फार. त्यावर भगवा उठून दिसायचा तर खाली आधी पांढरा थर द्यावा लागतो, आणि तो पांढरा टिकायचा तर त्याच्याही आधी हे बिनरंगी पाणी. शाई पाण्यातली आणि सूत कायमचं तहानलेलं, त्यामुळे नुसत्या कापडावर पांढरी शाई आत जिरते आणि विठोबाचं गंध करडं पडतं. प्रीट्रीटमध्ये कॅल्शियमसारखे क्षार असतात. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइडचे कण सारख्याच विद्युतभारामुळे एकमेकांपासून फटकून राहतात. क्षार भेटला की त्यांचा हा ताठा मोडतो आणि लिंबू पिळलेलं दूध फाटावं तशी शाई कापडाच्या वरच थिजते. घरात शाई नासवली असती तर बोलणी खाल्ली असती. इथे त्याचे पैसे मिळतात, निदान मिळावेत अशी अपेक्षा असते.

हात मात्र बसावा लागतो. औषध कमी पडलं तर पांढरा पहिल्याच धुण्यात रजा घेतो. जास्त झालं तर छातीवर चौकोनी डाग उमटतो, कापड कडक होतं आणि प्रेसखाली आंबूस वास सुटतो. म्हणून आम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवलाय. टी-शर्ट आधी तोलायचा, फवारल्यावर पुन्हा तोलायचा. छातीभर डिझाइनला साधारण 15 ते 20 ग्रॅम औषध पुरतं. आता गंमत बघा. सुताच्या अंगात एरवीच साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. म्हणजे 180 ग्रॅमचा ‘कोरडा’ टी-शर्ट 14-15 ग्रॅम पाणी पोटात घेऊनच आमच्याकडे येतो, आणि आषाढात तर त्याहून जास्त. म्हणून फवारण्याआधी त्याला एकदा हीट प्रेसखाली घ्यायचं. प्रेस उचलला की भस्सकन वाफ निघते. मग फवारा, ब्रशने लव खाली बसवायची, पुन्हा 160-165 अंशांवर अर्धं मिनिट दाब. एवढं सगळं झाल्यावर टी-शर्ट हुबेहूब आधीसारखाच दिसतो. माझ्या कामाचं यश ते हेच, आणि बिलाच्या वेळी अडचणही हीच.

परवा एका मंडळाचा कार्यकर्ता भाव करायला आला. "मामा, नुसतं पाणी मारायचे पैसे?"

मी त्याला इतिहास सांगायला घेतला. रंगाआधी कापडाला तुरटी-हिरड्याचं पाणी दाखवणं ही आपली जुनीच रीत. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तोसुद्धा मंजिष्ठेने रंगवलेला, आणि मंजिष्ठ सुतावर तुरटीसारख्या मध्यस्थाशिवाय नीट धरत नाही. चार-साडेचार हजार वर्षांची परंपरा आहे बाबा!

तो शांतपणे म्हणाला, "तिकडं रेट काय होता?"

भाचा मध्ये पडला. पण पोरगं तयारीचं होतं. त्याने डिझाइन मोबाइलवर मोठं करून माझ्यापुढे धरलं.

"मामा, विठोबा काळा का गोरा?"

"काळा."

"आणि टी-शर्ट?"

"काळा."

"मग आख्खा विठोबा कशाला छापताय? गंध, डोळे, तुळशीची माळ आणि कडेची रेघ छापा. बाकीचं टी-शर्ट सांभाळून घेईल."

भाचा गप्प झाला. पोराचं चुकत काहीच नव्हतं. मुरलेले डिझायनर हेच करतात. शाई वाचते, कापड मऊ राहतं आणि काळाही अस्सल दिसतो. कुणी मला विचारलं असतं तर मीही हेच सुचवलं असतं, पण फवारणीवाल्याला डिझाइनचं कोण विचारतो?

"बरं, पण पाणी सगळ्या छातीवर मारावंच लागेल," मी माझा किल्ला लढवत म्हटलं. "रेघेरेघेवर फवारता येत नाही."

"मारा की. पण पैसे गंधाचे आणि माळेचे घ्या. विठोबाचे कसले लावताय? तो तर आमच्या टी-शर्टात आधीपासूनच होता."