उभ्या गाडीचे बारा

माझी गाडी सध्या ताशी १२ किलोमीटर वेगाने पार्किंगमध्ये उभी आहे. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकाखाली वीट. तरी १२. आणि हे १२ ती निळ्याशार उजेडात दाखवते, त्यामुळे आपल्याला दिसलंच नाही असं म्हणायचीही सोय उरलेली नाही.

भाच्याने काटे बसवून घेतले. मीटरचे चमकते काटे. असा भाचा तुमच्याकडेही असेल. त्याला गाडीपेक्षा गाडीला काहीतरी चिकटवण्यात रस. दसऱ्याला सीट कव्हर झाली, दिवाळीत दार उघडलं की जमिनीवर पडणारा वाघाच्या तोंडाचा उजेड झाला. (आमच्या तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ त्या वाघावर पाय देत नाहीत, वळसा घालून जातात.) मग बाहेरची जागा संपली आणि त्याची नजर आत वळली.

"मामा, तुझे काटे अगदीच काटे आहेत रे," तो म्हणाला.

आता काट्याने काटा नसावं तर काय असावं? मी सांगून पाहिलं की काटा रात्री दिसतो, चांगला दिसतो. खरं तर त्या मूळ काट्यात दिवा नसतोच. तो पारदर्शक प्लास्टिकचा असतो, दिवा खाली बुंध्याशी असतो, उजेड बुंध्यातून शिरतो आणि आतल्या आत टोकापर्यंत जातो. ना वायर, ना वजन. एवढी साधी, शहाणी गोष्ट गाडी बनवणाऱ्यांच्या हातून चुकून झाली असावी. भाच्याला ती मान्य नव्हती. त्याच्या मते ते प्रीमियम दिसत नव्हतं.

आम्ही पुण्यातल्या नाना पेठेत गेलो. तिथे गाडीचं काहीही मिळतं, आणि जे गाडीचं नाही तेही गाडीला बसवून मिळतं. चार काट्यांचे २५०० रुपये, बसवण्यासकट. वेग, इंजिनाचे फेरे, तापमान आणि पेट्रोल. कारागीर विशीतला होता. त्याने मीटर बाहेर काढला, काच उतरवली आणि मुलाला हाक मारली, "काटे आण रे." मुलाने दोन काटे आणले. जेवायचे. स्टीलचे, शेजारच्या टपरीवरचे असावेत, एकाला पोह्याचा दाणा होता. ते दोन्ही बाजूंनी मीटरच्या काट्याखाली सरकवून त्याने हलकेच दाबले आणि काटा टक्कन बाहेर आला. काट्याने काटा काढतात ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो, पण ती गाडीच्या कारागिरीची पद्धत आहे हे त्या दिवशी कळलं.

काढणं सोपं, लावणं अवघड. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीतून घडलं. आमच्या बाबांच्या फियाटमध्ये गिअरबॉक्सकडून येणारी केबल एक चुंबक फिरवायची, चुंबकाच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळायची आणि वाटीला लावलेला काटा केसाएवढ्या स्प्रिंगशी झोंबत आकड्यावर जायचा. १९०२ साली जर्मनीत पेटंट घेतलेली युक्ती. केबल कोरडी पडली की काटा थरथरायचा, बाबा तेल घालायचे, थरथर थांबायची. आता काट्यामागे चिमुकली मोटर असते. ती पावलं मोजते. वेग अमुक, म्हणजे शून्यापासून अमुक पावलं. तिच्या डोक्यावर काटा कोणी, कुठल्या तोंडाने बसवलाय, हे तिला दिसत नाही. तिने सांगितलेली पावलं टाकली की तिचं कर्तव्य संपलं. अशी माणसं मी खूप पाहिली आहेत, पण ती पेन्शनवर गेलेली.

त्यात नव्या काट्यात खराच दिवा, म्हणजे त्याला केसासारखी वायर, ती वायर आसाभोवती गुंडाळलेली, म्हणजे काट्याला वजन. कारागिराने तो शून्यावर ठेवला, अंगठ्याने दाबला, बोट उचललं आणि काटा दचकून १२ वर गेला.

"सेट होईल," कारागीर म्हणाला.

त्याला तीन महिने झाले. सेट झालो ते आम्ही. गाडीचे बारा वाजले हा विनोद सोसायटीतल्या प्रत्येकाने आपल्याला पहिल्यांदा सुचल्यासारखा करून झाला आहे. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलचा काटा पाव टाकी जास्त दाखवू लागला. ते नळ स्टॉपच्या सिग्नलला संध्याकाळी साडेसहाला कळलं. काटा टोचतो म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. गाडी टोचन करून आणावी लागली.

भाचा मात्र कायदा घेऊन आला. बऱ्याच देशांत असा नियम आहे की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्त दाखवलं तर चालतं. "मग? आपला जास्तच दाखवतो!" पण जास्तलाही हद्द आहे. खऱ्या वेगाच्या दहा टक्के, अधिक ४. म्हणजे १८ ने जाणाऱ्या गाडीने फार तर २३.८ दाखवावेत. आमची ३० दाखवते.

१८ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. २०२४ साली जगभरच्या शहरांची मोजणी झाली, तीत पुण्यात १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं लागली. भागाकार करा. ताशी १८. आमची गाडी या १८ च्या आसपास घुटमळते. आणि त्याच्यापुढे मीटरवर आकडे आहेत २२० पर्यंत! मुंबईकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गावरसुद्धा सपाटीला १०० ची मर्यादा, घाटात ६० ची. म्हणजे १२० पासून २२० पर्यंतची सगळी मंडळी शोकेसमधल्या चिनीमातीच्या कपांसारखी. पाहुणे आले तरी काढायची नाहीत, पण पुसून ठेवायची. नव्या काट्यांबरोबर कारागिराने एक कला फुकट दिली आहे. किल्ली फिरवली की चारही काटे एका दमात शेवटपर्यंत जातात आणि परत येतात. त्याला स्वीप म्हणतात. भाचा हे दृश्य पाहायला मित्र आणतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मात्र भरून आलं. कोथरूडच्या पार्किंगमध्ये, सकाळी नऊला, गाडी जागची हललेली नसताना तो काटा ४० बघतो, ६० बघतो, ८० बघतो, १०० ओलांडतो, १६० ला पोचतो, २२० ला जाऊन टेकतो, क्षणभर थांबतो आणि निमूट परत येऊन १२ वर बसतो. पुढचा तासभर कर्वे रस्ता. काट्याने आयुष्यात पाहिलेलं जग तेवढं दीड सेकंदाचं. उभा जन्म एका टेबलाशी काढून निवृत्तीनंतर चार धाम करून आलेल्या कारकुनाची मला आठवण होते. फरक इतकाच की कारकुनाला निरोप समारंभ मिळाला, आणि याला उद्या सकाळी नऊला पुन्हा चार धाम करून पुन्हा टेबलाशी यायचं आहे. एकदा लकडी पुलावर वीस मिनिटं गाडी जागेवर होती. शेजारी बसलेल्या बायकोने मीटरकडे पाहिलं आणि म्हणाली, "चला, चालू तर लागली." मी खुलासा केला नाही. संसारात काही समाधानं मीटरच्या चुकीवर उभी असतात.

इथवर मी हसत होतो. निळ्या रंगाचं मात्र मला हसू येत नाही.

लोक पूर्वी अंधारात काटा दिसावा म्हणून काय काय करत. घड्याळांच्या तबकड्यांवर खरं रेडियम लावत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यू जर्सीतल्या कारखान्यात पोरी ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करत आणि आकडे रंगवत. ओठांतून रेडियम पोटात, हाडांत गेलं, जबडे झिजले, कित्येक मेल्या. आपल्याकडे आता नंबरप्लेटवर चिकटवायच्या कागदालाही रेडियम म्हणतात, इतकं ते सोज्वळ झालं आहे. पण त्या पोरींनी रंगवलेला काटा निदान मंद होता. रात्रीची आपली नजर अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं घेते, आणि भलत्या रंगाचा झगझगीत उजेड ती कमाई पाहता पाहता उधळतो. लाल उजेड त्या मानाने सभ्य, अंधारात पाहणाऱ्या पेशींना तो जवळजवळ जाणवत नाही. विमानाच्या कॉकपिटात, पाणबुडीत लाल दिवे लावत आले ते काही शोभेला नाही. निळा नेमका उलटा. म्हणजे २५०० रुपये मोजून मी माझ्या नाकासमोर एक वस्तू बसवून घेतली आहे, जी मला न चाललेला वेग स्पष्ट दाखवते आणि समोरचा रस्ता दिसू देत नाही.

आणि समोर काय असतं? गतिरोधक! पांढरा पट्टा नसलेला, पाटी नसलेला, काळ्या रस्त्यावर काळ्या रात्री काळा. याचंही मोजमाप कागदावर आहे. ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलावा, वरून २५ च्या वेगाने गाडी जावी, अंगावर काळे-पांढरे पट्टे, ४० मीटर आधी पाटी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो आहे तो एका रात्रीत उगवला. कोपऱ्यावरच्या सोसायटीने वर्गणी काढली, उरलेलं डांबर आणलं आणि मुलं खेळतात म्हणून रस्त्यावर म्हैस झोपवली. रुंदी दीड हात. २५ ने सोडा, १० ने गेलं तरी गाडी खालून किंचाळते आणि मणक्यातून कळ जाते. रंग? "पुढच्या मीटिंगला घेऊ." चार मीटिंगा झाल्या! पार्किंगच्या स्टिकरवर दोन तास भांडले, लिफ्टमध्ये कुत्रा न्यावा का यावर मतदान झालं, पण पांढऱ्या रंगाच्या एका डब्यावर येईपर्यंत प्रत्येक वेळी चहा आला. मागच्या आठवड्यात दूधवाल्याचा पोरगा पहाटे त्यावरून उडाला. सगळं दूध सांडलं, कोपर फुटलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर एक पांढरा पट्टा होता खरा. दुधाचा. दुपारपर्यंत वाळला. घरोघर टीव्हीमागे उजेड, देव्हाऱ्यामागे उजेड, जिन्याच्या पायरीखाली उजेड, गाडीत बुटांखाली उजेड, आता काट्याच्या टोकाला उजेड, आणि माणूस जिथे आपटून मरणार ती जागा तेवढी अंधारात! मी हे भाच्याला ओरडून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, गाडीच्या पोटाला लावायचे निळे दिवे मिळतात. गतिरोधक दिसेल."

काल सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं कट-कट-कट. कारागिराने काट्यांची वायर किल्लीवर न घेता थेट बॅटरीवर घेतली होती, काटे रात्रभर जागे होते. वॉचमन म्हणाला, "साहेब, मी रोज बघतो, रात्रभर जळत असतात. मला वाटलं, चोरासाठी लावलेत."

शेवटी धक्का. मी, वॉचमन आणि वाघ टाळणारे बँकवाले, तिघं मागे. भाचा आत, काच खाली करून. वीट काढली, गाडी हलली, गेटकडच्या उतारापर्यंत न्यायची होती. बँकवाल्यांना धाप लागली. "किती जोर लावायचा हो?" ते म्हणाले. आतून भाच्याचा आनंदाने चिरकलेला आवाज आला.

"सोळा, मामा! सोळाने चाललोय!"