वरून डांबर, आतून पिशवी

आपण रस्त्यात प्लास्टिक पूर्वीपासून घालतो आहोत. दुधाची रिकामी पिशवी, वेफर्सचं पाकीट, बंदी असूनही सापडणारी गुटख्याची पुडी. वर डांबर ओतायचं तेवढं राहून गेलं होतं. ते मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी करून दाखवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कच्चा माल पुरवणाऱ्यांचा सत्कार अजून बाकी आहे.

कृती सोपी आहे. प्लास्टिकचा चुरा साधारण १७० अंशांना तापलेल्या खडीवर टाकायचा, तो वितळून खडीला लपेटून बसला की वर गरम डांबर. डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के प्लास्टिक पुरतं. मग खडी आणि डांबर यांच्यात पाण्याला शिरकाव मिळत नाही आणि पहिल्याच पावसात दोघांची फारकत होत नाही. पीव्हीसी तेवढं वगळायचं. तापलं की ते विषारी वायू सोडतं.

हे गणित ऐकून एक ठेकेदार म्हणाले, "सहा ते आठच टक्के? टक्क्यांची आम्हाला सवय आहे, साहेब. उलट हे फार कमी सांगितलेत."

नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राने फर्मान काढलं, की पाच लाखांवर वस्तीच्या शहरांभोवती पन्नास किलोमीटरच्या टापूत डांबरी रस्त्यांना टाकाऊ प्लास्टिक वापरा. त्यानंतर कित्येक पावसाळे आले, रस्ते वाहून गेले. फर्मान कपाटात कोरडंठाक आहे. पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी केली, तेव्हा काही भाबड्यांना काळजी लागली, आता रस्त्यांना प्लास्टिक आणायचं कुठून? मंडईत एक फेरी मारल्यावर त्यांची काळजी मिटली.

खरी गंमत पुढेच आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईची गटारं तुंबवल्याचा ठपका याच पिशव्यांवर आला होता. गटार तुंबलं की रस्त्यावर तळं, तळं साचलं की खड्डा. म्हणजे गटारात गेलेली पिशवी रस्ता खाते आणि खडीवर गेलेली रस्ता राखते. तिला गटाराऐवजी खडीकडे धाडते ती कचरा वेचणारी बाई. निविदेत खडीचा दर असतो, डांबराचा असतो, रोलरच्या भाड्याचा असतो. तिच्या मजुरीचा रकाना शोधून दाखवा.

आणि प्लास्टिकने तरी काय काय सांभाळावं? रस्त्याला उतार नाही, थर कागदावर जाड नि जागेवर पातळ, आणि रोलर निघून जातो न जातो तोच केबलवाले कुदळ घेऊन हजर.

तेव्हा वाचकहो, पिशवी धुऊन, वाळवून, ओल्या कचऱ्यापासून वेगळी द्या; खरकट्याने बरबटलेली पिशवी खडीला चिकटत नाही. आणि नवा रस्ता झाला की ठेकेदाराचं नाव व दुरुस्तीच्या हमीची मुदत लिहिलेला फलक कुठे आहे, हे वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा. दगडाला अस्तर लागलं; आता खात्याला थोडी धग लागू द्या.