सत्तावीस अंशांचा संसार

दिल्लीला मधली हवा फारशी ठाऊक नाही. जूनमध्ये पारा ४५ला टेकतो, जानेवारीत ४वर येतो. माणसे कूलर आणि रजया यांच्या आधाराने या दोन टोकांमधले महिने ढकलतात. हिंदूराव रुग्णालयाच्या खालच्या उतारावर, मलकागंजच्या अंगाला, एका दुसऱ्या मजल्यावर मात्र बाराही महिने २७ अंश असलेली एक जागा आहे. ती तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तिथे मासे राहतात. काका तिच्या बाहेर, मिळेल त्या हवेत राहतात.

काका मूळचे दादरचे. लहानपणी वडिलांनी त्यांना मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले. ते १९५१ साली उघडले, आणि त्यानंतर मुंबईतल्या शाळकरी पोरांच्या दोन-तीन पिढ्या तिथल्या काचांना नाक लावून गेल्या. बाकीची पोरे बाहेर येऊन चौपाटीवर भेळ खाऊन मोकळी झाली. काकांचे नाक अजून काचेलाच आहे. केंद्र सरकारच्या नोकरीने त्यांना तिमारपूरच्या क्वार्टरमध्ये आणून टाकले. तिथे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एक फायटर मासा आला. निवृत्तीनंतर फ्लॅट आला, फ्लॅटमध्ये टाकी आली. काकूंचे म्हणणे असे, की फ्लॅट टाकीच्या मापाने घेतला. बिल्डरला काकांनी पहिला प्रश्न विचारला होता तो स्लॅब किती वजन घेईल हा. पाणी, काच, खडी मिळून दीडशे किलोंच्या वर भरते. बिल्डरला वाटले, गृहस्थ तिजोरी ठेवणार असावेत. पुढच्या हप्त्यात तो फार अदबीने बोलत होता.

दिल्लीतल्या प्रत्येक मराठी मंडळात एक नाटकवाला असतो, एक गणपतीच्या वर्गणीवाला असतो, आणि कोपऱ्यात कुठेतरी हा मासेवाला असतो. त्याला ओळखायचे तर उजव्या हाताची बाही बघावी. ती कोपरापर्यंत ओलसर असते, नाहीतर ओली होऊन वाळल्याने आखडलेली असते. पहाडगंजच्या महाराष्ट्र भवनात कार्यक्रम रंगात आला असताना काका मध्येच उठून फोनवर हलक्या आवाजात विचारतात, ‘‘बुडबुडे येतायत ना?’’ नव्या सभासदांना वाटते, घरी कोणीतरी ऑक्सिजनवर आहे. एका बाईंनी तर निघताना काकूंचा हात हातात घेऊन धीर दिला.

मासे पाळणे सोपे असते, असा सर्वसाधारण समज आहे. कुत्र्यासारखे फिरवायला नको, भुंकणे नाही, केस गळणे नाही. काका यावर मान हलवतात. त्यांच्या मते मासे कोणी पाळत नसतो, पाणी पाळायचे असते. मासे त्यात आपले आपण राहतात किंवा राहत नाहीत. टाकी नवी आली तेव्हा सहा आठवडे तिच्यात नुसते पाणी होते. दिवा चालू, फिल्टर चालू, हीटर चालू, मासा एकही नाही. काकूंच्या माहेरची मंडळी त्याच सुमारास दिल्ली बघायला आली होती. मेहुण्यांनी दोन दिवस संयम ठेवला आणि तिसऱ्या दिवशी विचारले, ‘‘दाजी, मासे कधी यायचेत?’’

‘‘आधी जिवाणू यायचेत,’’ काका म्हणाले.

मेहुण्यांनी रात्री बहिणीला बाजूला घेऊन दाजींच्या तब्येतीची चौकशी केली. काकांचे मात्र बरोबर होते. माशाच्या घाणीतून अमोनिया सुटतो आणि तो माशालाच मारतो. फिल्टरच्या स्पंजात वस्ती करणारे एक जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते त्यामानाने सौम्य असते आणि दर रविवारी पाव टाकी पाणी बदलले की आटोक्यात राहते. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दिल्लीत डीडीएची वसाहत बसायला लागणारा काळ पाहता हे फारच झटपट म्हणायचे.

मासे आणायचे ते जामा मशिदीजवळच्या कबुतर बाजारातून. तिथे रविवारी पक्ष्यांच्या पिंजऱ्यांशेजारी प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्या लटकत असतात, तोंडाला रबरबँड, आत एकेक जीव. दुकानदाराला कोणताही मासा दाखवा, त्याचे उत्तर ठरलेले आहे: ‘‘सब एक साथ रह लेंगे, बाबूजी.’’ हे वाक्य ऐकून कमलानगरच्या एका व्यापाऱ्याने बोटाएवढा ऑस्कर आणि डझनभर निऑन टेट्रा एकाच टाकीत सोडले होते. काही महिन्यांत एकटा ऑस्कर राहिला, चांगला वीतभर. काका हा किस्सा नवशिक्यांना सांगतात तेव्हा निऑनच्या उल्लेखाशी क्षणभर थांबतात. त्याच व्यापाऱ्याकडे पुढे अरोवाना आला, दुकानात भरभराट व्हावी म्हणून. तो मेला तेव्हा मालकावरचे गंडांतर माशाने आपल्यावर घेतले अशी सगळ्यांची खात्री पटली. पाणी महिनाभरात बदलले होते का, हे फक्त काकांनी विचारले.

मेट्रोत जिवंत प्राणी चालत नाहीत, म्हणून बाजारातून परतताना काका रिक्षा करतात. थंडीच्या दिवसांत पिशवी स्वेटरच्या आत, पोटाशी. सब्जीमंडीच्या गर्दीतून सत्तरीचा एक गृहस्थ दोन्ही हात पोटावर धरून चाललेला आहे आणि दर खड्ड्याला रिक्षावाल्याला ‘‘आराम से, भैया, आराम से’’ म्हणतो आहे. रिक्षावाला न सांगता हिंदूरावच्या कॅज्युअल्टीकडे वळतो. हे एकदा नव्हे, अनेकदा झाले आहे. घरी आल्यावर पिशवी न उघडता टाकीत तरंगत ठेवायची, वीस मिनिटे, आतले आणि बाहेरचे तापमान जुळेपर्यंत. मग थोडे थोडे टाकीतले पाणी पिशवीत घ्यायचे. या वेळात काका खुर्ची ओढून समोर बसतात. काकू म्हणतात, आपल्या मुलीला पहिल्यांदा घरी आणली तेव्हा हे इतका वेळ बसले नव्हते.

हा माणूस माशांवर प्रेम करतो म्हणून मासे खात नाही, असे कोणी समजू नये. काका सीकेपी आहेत. खायचे मासे आयएनए मार्केटचे, बघायचे जामा मशिदीचे, दोन्ही खाती वेगळी. सकाळी टाकीचे पाणी बदलून, हात स्वच्छ धुऊन ते सुरमईच्या तुकडीला न्याय देतात. मात्र एखाद्या पाहुण्याने टाकीतल्या एंजलकडे बोट दाखवून ‘‘हा खातात का हो?’’ असे विचारले, तर चहा संपेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलत नाही.

गप्पी ही वेगळीच भानगड. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, महिन्याला वीस-तीस, आणि लक्ष दिले नाही तर आईच त्यातली निम्मी गट्ट करते. काका लक्ष देतात, त्यामुळे पिल्ले उरतात. त्यांचे करायचे काय? एका संक्रांतीला काकूंनी तोडगा काढला: हळदीकुंकवाला वाण म्हणून गप्पी लुटायचे. करोलबागेपासून पटपडगंजपर्यंतच्या बायका येणार होत्या. तिळगूळ, सुगड, आणि प्लास्टिकच्या पिशवीत चार चार गप्पी. काका दारातच आडवे झाले. जानेवारीतली दिल्लीची संध्याकाळ, ऑटोतला वारा, पिशवीतले पाणी पंधरा अंशांवर जाणार. शेवटी अशी तडजोड झाली की वाणाचे मासे मार्चमध्ये, होळी झाल्यावर, घरपोच मिळतील. बायकांच्या हातावर त्या दिवशी चिठ्ठ्या पडल्या. त्यांतल्या एकीने पुढे खरोखर येऊन चिठ्ठी वटवली. बाकीच्या फोन उचलत नाहीत.

उरलेले गप्पी पावसाळ्यात कूलरमध्ये गेले. दिल्लीत जुलै-ऑगस्टपासून महापालिकेचे लोक डेंग्यूच्या अळ्या शोधत घरोघर फिरतात, कूलरमध्ये टॉर्च मारतात आणि अळी दिसली की चलान फाडतात. काकांच्या कूलरमध्ये टॉर्च मारला तेव्हा आतून शेपट्या हलल्या. तपासनीस दचकला. काकांनी त्याला खुर्ची दिली आणि सांगितले, की डासांच्या अळ्या खाणारे गंबुसिया मासे १९२८ साली इटलीतून भारतात आणले. गप्पीही त्याच कामी येतात. आणि साथरोगांवर काम करणारी देशाची मोठी संस्था इथून जवळच, शामनाथ मार्गावर २२ नंबरला आहे, तिथे विचारा. तपासनिसाला अजून बेचाळीस घरे करायची होती. त्याने नोंदवहीत काय लिहिले ते कळले नाही. पण पुढच्या वर्षापासून तो काकांच्या दारावर थाप न मारता पुढे जातो. काका त्याची वाट बघत असतात.

उन्हाळा हा या घरातला खरा कसोटीचा काळ. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मासे वर येऊन तोंडे वासतात. वीज गेली तर पंप बंद, फिल्टर बंद, आणि फिल्टरमधली ती कष्टाने वसवलेली वस्ती काही तासांत गुदमरायला लागते. इन्व्हर्टरवर म्हणून पहिला हक्क टाकीचा. उरली वीज तर पंखा. फ्रीजरमध्ये मटाराच्या जागी पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या असतात, त्या दुपारी आळीपाळीने टाकीत तरंगतात. मे महिन्यात या घरी पन्हे उत्तम मिळते, कोमट मिळते. पाहुण्याने बर्फ मागू नये. मागितलाच तर काका इतक्या कष्टी चेहऱ्याने फ्रीज उघडतात, की पाहुणाच ‘‘राहू द्या, घसा धरलाय’’ म्हणतो.

प्रवासाचे नाव काढायची सोय नाही. पुतण्याच्या लग्नाला साताऱ्याला गेले तेव्हा काकांनी माशांच्या दाण्यांच्या पुड्या बांधून, त्यावर तारखा घालून त्या खालच्या मजल्यावरच्या भल्लांच्या मुलाकडे दिल्या होत्या. मुलगा मनाने फार चांगला. पहिल्याच दिवशी त्याला पुडी उघडून वाटले, एवढ्याशाने कोणाचे पोट भरणार? त्याने सगळ्या पुड्या ओतल्या आणि वर आईच्या हातचा आलू पराठा कुस्करून घातला. पंजाबी घरात उपाशी कोणी झोपत नाही. काका परतले तेव्हा टाकीत ताक होते. तेव्हापासून महाराष्ट्रातली सगळी कार्ये काकू एकट्या करतात. नातेवाईक ‘‘हे कसे आहेत?’’ असे विचारत नाहीत, ‘‘पाणी कसंय?’’ विचारतात.

या सगळ्याला काकांनी एक परंपराही शोधून काढली आहे. ज्यांच्या नावाने हा भाग ओळखला जातो ते हिंदूराव घाटगे कागलचे, सर्जेरावांचे चिरंजीव, बायजाबाई शिंद्यांचे बंधू. रिज या टेकडीवरचा बंगला बांधला विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्यासाठी. १८३५मध्ये त्याचा खून झाला आणि पुढे बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५७मध्ये त्याच घरावर इंग्रजांनी ठाण मांडले आणि भोवती धुमश्चक्री झाली. आता तिथे महापालिकेचे रुग्णालय आहे. आवारात फिरोजशहा तुघलकाच्या काळातली बाव आहे, म्हणजे पायऱ्यांची विहीर. काका रोज सकाळी रिजवर फिरायला जातात आणि माकडे चुकवत येतात. एक मराठी माणूस इथे दिल्लीच्या हवेत घर करून राहिला होता, शेजारी पाण्याची एवढी सोय होती, तर त्याने मासे ठेवले नसतील का, असे त्यांनी मला विचारले आहे. मी म्हटले, ठेवले असतील. इतिहासाचे यात काही बिघडत नाही आणि काकांचा दिवस चांगला जातो.

काकांचा खरा मोसम मात्र हिवाळा. यमुनेत वरून, पानिपतच्या बाजूने कारखान्यांचे पाणी येते आणि वझिराबादजवळ अमोनियाचे प्रमाण चढते. साधारण एक पीपीएमच्या आसपास गेले की वझिराबाद आणि चंद्रावलचे जलशुद्धीकरण कारखाने उत्पादन कमी करतात, आणि निम्म्या दिल्लीचे नळ खोकायला लागतात. चंद्रावल इथून हाकेच्या अंतरावर आहे. बातम्यांत ‘अमोनिया’ शब्द आला की या वसाहतीत काकांची किंमत एकदम वाढते. एरवी ज्यांना ते ‘मछलीवाले अंकल’ म्हणून फक्त दिसतात, ते लोक त्या दिवशी बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्यांत नळाचे, टँकरचे, गच्चीतल्या टाकीचे पाणी घेऊन जिन्यात उभे असतात. भल्ला असतात, अरोवानावाले व्यापारी असतात, एकदा तर तो तपासनीसही होता.

काका चष्मा बदलतात. बोटाएवढी काचेची नळी, खुणेपर्यंत पाणी, एका कुपीतले थेंब, मग दुसऱ्या कुपीतले. बूच लावून हलवायचे. पाच मिनिटे थांबायचे. कोणी मध्ये बोलले तर ते घड्याळाकडे बघून बोट वर करतात. मग नळी पांढऱ्या पुठ्ठ्यापुढे, खिडकीच्या उजेडात धरायची. पिवळे राहिले तर ठीक, हिरवट झाले तर गडबड. भल्लांचे पिवळे निघाले. टँकरचे हिरव्याकडे झुकले. ‘‘क्लोरीन जास्त मारतायत आत्ता,’’ काका सांगतात, ‘‘अमोनिया आणि क्लोरीन एकत्र आले की क्लोरामाइन होतं. ते नुसतं बादलीत रात्रभर ठेवून जात नाही.’’ सगळे गंभीरपणे माना हलवतात. कोणाला काही कळलेले नसते, पण हिंदूरावच्या ओपीडीत इतका वेळ कोणी देत नाही.

गेल्या थंडीत ही रांग संपल्यावर स्वयंपाकघरातून काकू आल्या. टाकीकडे त्या एरवी वळूनही बघत नाहीत. हातात पातेले होते.

‘‘हेही बघा जरा. चहाला चालेल का?’’

काकांनी नळी भरली, थेंब टाकले, पाच मिनिटे थांबले, पुठ्ठ्यापुढे धरली, खिडकीशी नेली, परत आणली.

‘‘चहाला चालेल,’’ ते म्हणाले. ‘‘गप्पीला नको.’’