नववीत किती होते?

मे महिन्याच्या शेवटी आमच्या पाचोऱ्यात दोन कामांची घाई एकदमच येते. पाऊस पडायच्या आत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळले पाहिजेत नि पोरांची शाळा ठरली पाहिजे. 2025 च्या मे अखेरीस मी बिबड्यांची खाट कंपाउंडच्या भिंतीजवळ ओढत होते, तेवढ्यात पलीकडून मावशींनी मान वर काढली.

"काल तुझ्याकडे दोन सर आले होते ना?"

मावशींना सगळं दिसतं. तालुक्यातल्याच एका हायस्कूलच्या ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. जनरल रजिस्टर, दाखले, बोर्डाचे फॉर्म हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं.

"आले होते. सातवी झाली ना आमची. म्हणे आठवीला आमच्याकडे पाठवा, दप्तर देतो, वह्या देतो, रिक्षाचंही बघू."

"देतीलच माय! पट कमी झाला की संचमान्यतेत मास्तरचं पद उडतं. बिचारे उन्हातान्हात घरं धुंडाळत फिरून राह्यले. आमच्या टायमाला पोरंच शाळा शोधत यायची. वरखेडीची पोरं पीजेनं यायची, गाडी लेट झाली की अर्धा वर्ग दुसऱ्या तासाला भरायचा."

पीजे म्हणजे आमची पाचोरा-जामनेर छोटी गाडी. 2020 साली कोरोनात बंद पडली ती पडलीच, आता ब्रॉडगेजची वाट बघायची. मावशी एकदा पीजेत बसल्या की जामनेरशिवाय उतरत नाहीत, म्हणून मी घाईनं म्हटलं, "त्यांच्या शाळेचा निकाल शंभर टक्के आहे म्हणे. चौकात बोर्ड लागलाय."

"आणि नववीत किती होते?"

"म्हणजे?"

"अगं, दहावीला बसले किती ते बोर्डावर लिहितात. नववीत होते किती ते कोणी लिहितं का? नववीत साठ पोरं आणि दहावीला अठ्ठेचाळीस, तर बाराजण गेले कुठं? काही गाव सोडून गेले असतील, काही नापास झाले असतील. बाकीच्यांच्या आईबापाला बोलावून गोड बोलतात. पोराला झेपत नाही, दाखला काढा नि 17 नंबरनं बसवा."

17 नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी देणं. ज्यांची शाळा सुटली, जे कामाला लागले, त्यांच्यासाठी सरकारनं ठेवलेली ती सोय. तो पोरगा नापास झाला तरी शाळेच्या टक्केवारीला धक्का लागत नाही, कारण तो शाळेचा नियमित विद्यार्थीच नसतो. मावशींनी असे फॉर्म डोळ्यांनी पाहिलेत. कुठल्या शाळेचे, ते मी विचारलं नि त्यांनी सांगितलं नाही. गावात राहायचंय दोघींना.

"म्हणजे शंभर टक्के खोटाच?"

"खोटा कशाला? बसलेले सगळे पास झाले, हे खरंच आहे. वीस पोरांची शाळा असली तर खरोखर शंभर टक्के लागतो. मोठ्या हायस्कूलला दोन-तीनशे बसतात, त्यांचा ब्याण्णव लागला तरी तो भारी. दहावीच्या बोर्डाचंच घे ना. यंदा 13 मेला निकाल लागला. कोकण 98.82, आपला नाशिक विभाग 93.04. मग काय रत्नागिरीची पोरं हुशार नि खान्देशातली येडी?"

"तसंच वाटतं बाई टीव्हीवर बघून."

"कोकण विभागात दोनच जिल्हे, रत्नागिरी नि सिंधुदुर्ग. आपल्यात नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून आश्रमशाळेत आलेलं लेकरूही आपल्याच टक्क्यात. एका तराजूत कसं तोलायचं?"

भिंतीवर कावळा उतरला. मी बिबड्यांवर ओढणी टाकली.

आमच्या घरात खरा वाद वेगळाच आहे. ह्यांना पोरीला इंग्लिश मीडियममध्ये टाकायचंय. सासरे म्हणतात गो. से. हायस्कूल, कारण ते स्वतः तिथले. पाचोऱ्यात निम्म्या घरांतले आजोबा तिथलेच निघतात, त्यामुळे हा मुद्दा पुरावा म्हणून धरता येत नाही. मला सेमी बरं वाटतं. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत, म्हणजे अकरावी सायन्सला पोरगी गांगरत नाही.

"सेमी चांगलंच," मावशी म्हणाल्या, "पण शिकवायला कोण आहे ते बघ. पाटीवर सेमी लिहिलेलं असतं नि गणिताचे सर रिटायर होऊन दोन वर्षं झालेली असतात. सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून माणूस येईपर्यंत घड्याळी तासावर कोणीतरी बी.एस्सी. झालेला पोरगा. त्याला दुसरीकडे काम लागलं की तो चालला मधूनच."

"आणि इंग्लिश मीडियम?"

"फी भरायची ताकद असली तर टाक. पण विनाअनुदानित शाळेतल्या पोरांना एनएमएमएसला बसता येत नाही, हे तुझ्या नवऱ्याला माहीत आहे का?"

नव्हतं. मलाही नव्हतं. ही आठवीतली केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारं मूल नि घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत, असं असेल तर बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48,000. इथं दप्तर फुकट देणारे सर ह्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्या शाळेतून कोणी बसतं का, हे विचारायला हवं होतं.

"तशी शाळा मोठी होते ती मास्तरांनी," मावशींचा सूर बदलला. "अंमळनेरला प्रताप हायस्कूलात साने गुरुजी होते, 1924 ते 30. वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या झाडायचे..."

"मावशी, साने गुरुजी घड्याळी तासावर नव्हते."

त्या हसल्या, पण लगेच मुद्द्यावर आल्या. "मग ऐक. शाळेत जाशील तर ऑफिसात बसू नको. मधल्या सुट्टीत जा. मुलींच्या बाथरूमला कुलूप आहे का बघ. प्रयोगशाळेत नळाला पाणी येतं का बघ. आणि मागच्या साली नववीत किती नि यंदा दहावीला किती, एवढंच विचार. हेडमास्तरांना नको, ते चहा मागवतील. शिपायाला विचार, त्याला पाठ असतं."

"आणि पुढं अकरावीचं? यंदापासून सगळ्या राज्यालाच ऑनलाइन केलं ना."

"त्याचं तीन वर्षांनी बघू. आमच्या नातवाचा फॉर्म भरायला बसलो तर साइट पहिल्याच दिवशी बसली. इथल्याच कॉलेजात जायचं नि पसंतीक्रम मात्र दहापर्यंत!"

तेवढ्यात गेट वाजलं. हे आले. मी मोठ्या उत्साहानं नववी, 17 नंबर, एनएमएमएस सगळं एका दमात सांगितलं.

"ते ठीक आहे," हे म्हणाले, "पण रिक्षावाले काका भेटले होते. ते आपल्या बाजूला येत नाहीत म्हणे, जारगाव चौफुलीकडच्या पोरांचीच रिक्षा भरलीय त्यांची."

मावशींनी भिंतीपलीकडून मला विचारलं, "माय, त्या काकांच्या रिक्षातली पोरं कोणत्या शाळेत आहेत?"